सब्जेक्ट मध्यभागी आहे म्हणून बाद?

काल एका हौशी छायाचित्र स्पर्धेचं परीक्षण करून आलो. डोकं अजून तापलेलंच आहे.

साडेतीनशे फोटो, दोन तास, आम्ही तिघं परीक्षक. म्हणजे एका फोटोला वीस सेकंद! त्यात एक फोटो होता. कोकणातलं घर, काचेच्या कौलातून उतरलेली उन्हाची तिरीप आणि बरोबर तिच्याखाली सुपात तांदूळ पाखडणारी आजी. कोंड्याचे कण त्या तिरिपीत तरंगतायत, बाकी सगळा काळोख. मी खुर्चीत सरसावून बसलो. तोवर शेजारचे परीक्षक म्हणाले, "सब्जेक्ट मध्यभागी, नॉइज भरपूर. पुढचा."

अहो, नॉइज म्हणजे फोटोतले ते रवाळ ठिपके, ते येणारच! अंधाऱ्या माजघरात मोबाईलने आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, चढवायचा नाही तर करायचं काय? शटर मंद ठेवलं असतं तर सूप आणि हात दोन्ही फराटले असते. आणि आजी मध्यभागी आहे, कारण ऊन तिथेच पडलंय. सब्जेक्ट चौकटीच्या एक तृतीयांशावर ठेवा असं सांगायला जो वापरतात, तो तृतीयांशाचा नियम जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गचित्रांविषयी लिहिताना मांडला. आपण त्याची फूटपट्टी करून पोरांच्या हातावर मारत सुटलोय.

पहिलं बक्षीस गेलं एका सूर्यास्ताला. जांभळं आकाश, पोपटी रंग ओतल्यासारखं गवत, सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, पार टोकाला नेलेलं. मी भांडलो. दोन विरुद्ध एक, संपला विषय.

पण खरा संताप झाला तो नंतर. आजीचा तो फोटो काढणारा मुलगा आला, "सर, माझं काय चुकलं?" आणि आमच्या या जाणकारांनी त्याला सांगितलं काय, तर "मोबाईलवर किती दिवस काढणार? फुल फ्रेम घे, ८५ची १.४ लेन्स घे, मग बघ." मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणि लांबचं जवळ आणणारी लेन्स, म्हणजे कॉलेजातल्या पोराला लाखांचा सल्ला! त्या चिंचोळ्या माजघरात ८५ने आजीचा नुसता चेहरा आला असता. ना कौल, ना तिरीप. थोर फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने बहुतेक सगळं काम एका ५० मिलिमीटरच्या लेन्सवर केलं. नवशिक्याला सांगायचं असेल तर हे सांगा ना! सांगा, की सकाळच्या उन्हात आणि दुपारी चारच्या उन्हात एकच चेहरा काढून बघ. शंभर काढ, त्यातले नव्वद टाकून द्यायला शीक. याला पैसे लागत नाहीत, पण सांगणाऱ्याला त्या पोराचा फोटो नीट बघावा लागतो.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, ही तिरीप कधी येते? म्हणाला, "अकराच्या सुमाराला, जेमतेम पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी ढग होते. दुसऱ्या दिवशी आजीने पाखडणं आधीच उरकलं. तिसऱ्या दिवशी मिळाला."

तीन दिवस थांबलेलं पोर! आणि जाताना मला विचारत होतं, ती लेन्स हप्त्यावर मिळेल का म्हणून.