केबिनच्या तोंडाला पडदा लावा, पण फळ्या फेकू नका

शिडाच्या होड्या बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या भराभर पुढे ढकलला जातोय. त्याचा मथितार्थ असा: केबिनच्या तोंडाशी खाचेत एकावर एक सरकवायच्या फळ्या म्हणजे जुनाट कटकट. त्या काढून टाका आणि बिजागरीची दोन दारं लावा, नाहीतर सरळ ॲक्रिलिक कापडाचा पडदा शिवा. कापड पाणी अडवतं, तोंड मागच्या बाजूला असल्याने लाट तिथे येत नाही, दार तर फळीपेक्षा भक्कमच असतं, आणि हे सगळं घरच्या मशीनवर एका दुपारी उरकतं.

कटकट आहे, हे कबूल. फळ्या ओलाव्याने फुगून खाचेत अडकतात, काढल्या की ठेवायच्या कुठे हा प्रश्न, आणि रात्री कुणाला बाहेर जायचं असेल तर खडखडाटाने सगळे जागे. पण या साऱ्या तक्रारी नांगर टाकून निवांत पडलेल्या होडीवरच्या आहेत. सल्ला देणाऱ्याने मुक्कामातली सोय बघितली आणि तिच्याच जोरावर भर समुद्रातलं संरक्षण मोडीत काढलं.

‘लाट मागून येत नाही’ हे वाचून मला खरंच प्रश्न पडला की लिहिणाऱ्याने मागचा वारा घेऊन कधी शीड हाकलंय का. मागचा वारा असला की लाटाही मागूनच येतात. त्यातली एखादी होडीपेक्षा वेगाने येऊन कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या, खोलगट बसायच्या जागेत, कोसळली, तर तिच्यासमोर पहिलं येतं ते केबिनचं तोंड. आणि होडी आडवी झाली तर पुढचं-मागचं हा हिशोबच संपतो.

थोडं गणित करू. तोंड 60 सेंटिमीटर रुंद आणि 90 सेंटिमीटर उंच धरलं, तर क्षेत्रफळ अर्ध्या चौरस मीटरहून किंचित जास्त भरतं. त्याच्या मध्यापासून पाणी फक्त अर्धा मीटर वर चढलं, तरी उघड्या तोंडातून दर सेकंदाला साधारण एक टन पाणी आत जातं. होडीतला हातपंप एका हिसक्याला लिटरभराच्या आसपास उपसतो, म्हणजे उपसून बरोबरी होण्याची आशाच नको. तोंड बंद असलं तर तेच पाणी त्यावर आदळतं. सेकंदाला 5 मीटर वेगाने आलेली लाट एवढ्या क्षेत्रफळावर जवळपास 700 किलोचा धक्का देते.

आता हा धक्का कापडावर टाकून बघा. बोटीवर वापरतात ते ॲक्रिलिक कापड उत्तमच असतं. त्याचा रंग धाग्यातच असतो, त्यामुळे उन्हात लवकर विटत नाही, आणि विणलेलं असल्याने त्यातून हवा खेळते. पण त्याच विणीतून जोराचं पाणीही पार होतं. ते पाऊस आणि तुषार झटकतं, लाट अडवत नाही. प्लास्टिकचा लेप दिलेलं जाड कापड घेतलं तरी पडदा धरून ठेवणार कोण? टिचबटणं. बोटाच्या टोकाने उघडावीत म्हणूनच ती बनवलेली असतात.

या वादात फळ्यांच्या विरोधकांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे: होडी उलटली की फळ्या निसटून पडतात. खरं आहे. फळी अडकू नये म्हणून खाचा खाली निमुळत्या आणि वर रुंद ठेवतात, त्यामुळे ती थोडी वर सरकली की मोकळी होते. होडी पालथी झाली की ‘वर’ म्हणजे खाली. 1979 च्या फास्टनेट या ब्रिटनमधून निघणाऱ्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत 303 होड्या निघाल्या, वादळात 15 स्पर्धक दगावले आणि 24 होड्या सोडून द्याव्या लागल्या. नंतरच्या चौकशीने पाणी आत शिरण्याच्या बाबतीत केबिनच्या तोंडाची रचना हाच सर्वांत गंभीर दोष ठरवला. पण त्यातून फळ्या काढून टाका असा निष्कर्ष निघाला नाही, त्या पक्क्या करा असा निघाला. आज वर्ल्ड सेलिंग या शिडाच्या होड्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या खोल समुद्रातल्या शर्यतींच्या नियमांत तोंड बंद करणारी फळी होडीला दोरीने बांधलेली हवी, केबिनच्या तोंडावरचं झाकण उघडं असो वा बंद, ती जागेवर रोखता यायला हवी, आणि तोंडाची कडी आतून आणि बाहेरून, होडी उलटी असतानाही, चालायला हवी. एक कडी आणि हातभर दोरी, एवढंच काम. ते टाळण्यासाठी पडदा शिवणं ही अजब काटकसर झाली.

दारांचं काय? बाहेर उघडणारी दारं लाटेच्या धक्क्याने चौकटीवर दाबून बसतात, हा त्यांचा मोठा गुण. पण दोन पल्ले जिथे भेटतात तिथे आधार फक्त कडीचा असतो, तर फळीच्या दोन्ही कडा पूर्ण खाचेत बसलेल्या असतात. शिवाय आतून कुणी भेलकांडत दारावर गेलं, तर सगळा भार कडीवर आणि बिजागरीच्या स्क्रूंवर. पातळ फायबरग्लासमध्ये पिळलेले स्क्रू तिथे टिकत नाहीत. आरपार बोल्ट आणि मागून पट्टी हवी. त्याहून मोठी अडचण म्हणजे उभं दार अर्धवट बंद होत नाही. सर्वांत खालची फळी खाचेत ठेवून वरून येजा करता येते आणि कॉकपिटमध्ये पाणी भरलं तरी उंबरठा उंच राहतो. दार उघडलं की उंबरठ्यापासून वर सगळं मोकळं. म्हणून मी दारं करायचीच झाली तर उचलून काढता येणाऱ्या बिजागऱ्यांवर करेन. मुक्कामाला लावायची, निघताना काढून ठेवायची.

लाकडाबद्दल फार बोलायला नको. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणाऱ्या प्लायमध्ये डिंक पाण्याला टिकतो, पण आतल्या थरांत पोकळ्या असू शकतात. बीएस 1088 या ब्रिटिश मानकाचा मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडा इपॉक्सी या चिकट राळेने भरा, पाणी तिथूनच शिरतं. उजेडासाठी पारदर्शक फळी करायची असेल तर पॉलिकार्बोनेट प्लास्टिक मार सोसतं पण ओरखडे धरतं. ॲक्रिलिकचं प्लास्टिक (कापड नव्हे) जास्त काळ स्वच्छ राहतं, मात्र भोकापाशी तडकतं.

राहिला ‘एका दुपारचा’ दावा. पडदा जरूर शिवा. मुक्कामात तो फळ्यांपेक्षा शंभरदा सोयीचा. तोंड बहुधा वर रुंद आणि खाली अरुंद असतं, तेव्हा मापं घेत बसण्यापेक्षा कागदाचा साचा कापा. खालच्या दुमडीत साखळी किंवा वजनाची पट्टी घाला, म्हणजे वाऱ्याने फडफडणार नाही. पडदा उघडायची चेन (झिप) प्लास्टिक दातांची घ्या, धातूची मिठाने जाम होते. एक तुकडा जाळीचा ठेवाच, कारण आत स्टोव्ह पेटवून तोंड गच्च बंद करणं कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकतं. आणि कपडे शिवायचा साधा दोरा वापरू नका. कापड धड असतं आणि उन्हाने शिवण आधी उसवते. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) दोरा महाग पडतो, पण उन्हाला दाद देत नाही. घरच्या मशीनवर एक-दोन थर निघतात. कोपऱ्यात दुमडीवर दुमड आली की ते कुरकुरतं, तिथे चाक हाताने फिरवावं लागतं, आणि दुपारची संध्याकाळ होते.