नुसतं प्रमाणपत्र बघून काय होणार?
शाश्वत मासळी खरेदीवरच्या या लेखात म्हटलंय, की पुरवठादाराकडे एमएससी (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र) असलं की निवड सोपी. अर्धंच पटलं. एमएससी असतं ते पकडून आणलेल्या मासळीसाठी. तळ्यात वाढवलेल्या कोळंबीला एएससी, म्हणजे मत्स्यशेतीसाठीचं तसंच प्रमाणपत्र, बघावं लागतं. हा फरक खरेदी विभागालाच बऱ्याचदा ठाऊक नसतो! त्यातही मासेमारीचं प्रमाणपत्र वेगळं नि ‘चेन ऑफ कस्टडी’चं, म्हणजे पुढे हातोहात जाताना प्रमाणित माल वेगळा ठेवल्याचं, वेगळं. दुसरं नसेल तर सोलायच्या टेबलावर प्रमाणित मालात दुसरा माल मिसळला नाही, हे कशावरून मानायचं? मी तर आधी लॉट नंबर मागतो आणि विचारतो: बोट कुठली, जाळं कुठलं, पकडली कुठे. गोलगोल उत्तर आलं की दर कितीही चांगला असो, दुरूनच नमस्कार. बाकी मासळी ज्यात भरून येते त्या थर्माकोलच्या खोक्यांबद्दल लेखात चकार शब्द नाही, ते का?