एक्स-रे धूसर आला म्हणून जास्त किरण मागू नका

एक्स-रे धूसर आला म्हणजे किरण कमी पडले, मशीन जुनं असणार, डिजिटल सेंटरला जाऊन पुन्हा काढा. हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर आणि दवाखान्यातल्या बाकांवर सर्रास दिला जातो. त्यापायी लोक विनाकारण दुसऱ्यांदा किरण घेतात, म्हणून हे लिहितोय.

किरण कमी पडले तर प्रतिमा धूसर नाही, दाणेदार होते. हाडाची कडा जागच्या जागी असते, तिच्यावर ठिपके पसरलेले दिसतात. मात्रा वाढवल्यावर हे दाणे कमी होतात खरे, पण कडा बिघडूही शकते. कारण मात्रा वाढवायची तर एक्सपोजर, म्हणजे किरण सोडण्याचा वेळ, लांबवायचं किंवा ट्यूबमधला (किरण सोडणाऱ्या नळीतला) करंट वाढवायचा. एक्सपोजर लांबलं की रुग्ण हलतो, श्वास सुटतो. करंट वाढला की अ‍ॅनोड, म्हणजे ट्यूबमधला किरण जिथून निघतात तो धातूचा भाग, तापतो, मग ०.६ मिलिमीटरचा फोकल स्पॉट (अ‍ॅनोडवरचा किरण निघण्याचा ठिपका) सोडून १.२ मिलिमीटरचा घ्यावा लागतो. आणि किरण जितक्या मोठ्या ठिपक्यातून निघतील, तितकी प्रत्येक कडेची सावली पसरते.

ती किती पसरेल हे अंतरावर ठरतं. ट्यूब डिटेक्टरपासून, म्हणजे किरण टिपणाऱ्या पाटीपासून, १०० सेंटिमीटरवर आणि फोकल स्पॉट १.२ मिलिमीटरचा आहे असं धरू. हाड डिटेक्टरपासून २० सेंटिमीटर दूर असेल तर कडा ०.३ मिलिमीटर पसरते. तेच हाड ५ सेंटिमीटरवर आणलं, तर जेमतेम ०.०६. मशीन तेच, किरण तेवढेच! केसाएवढं फ्रॅक्चर दिसणार की नाही, हे इथे ठरू शकतं. छातीचा एक्स-रे छाती डिटेक्टरला टेकवून, ट्यूब १८० सेंटिमीटरवर ठेवून काढतात तो याचसाठी. आयसीयूत पडून असलेल्या रुग्णाचा पोर्टेबल एक्स-रे तसा येत नाही, त्यात हृदयही मोठं दिसतं. मशीन नवंकोरं असलं तरी.

डिजिटल म्हणजे जास्त बारकावा, हेही चूक. ०.१४ मिलिमीटर पिक्सेलचा डिटेक्टर मिलिमीटरमागे साधारण साडेतीन रेषाजोड्यांपलीकडचं (एक काळी आणि एक पांढरी रेष मिळून एक जोडी) दाखवू शकत नाही. चांगली स्क्रीन-फिल्म, म्हणजे जुन्या पद्धतीची एक्स-रे फिल्म, त्याहून बारीक दाखवायची. डिजिटलचा फायदा वेगळा आहे: एक्सपोजर थोडं चुकलं तरी निभावतं, कॉन्ट्रास्ट नंतर बदलता येतो.

मोबाइलवर आलेला फिल्मचा फोटो पाहून तर काहीच ठरवू नये.

पुन्हा एक्स-रे काढायला सांगितलं तर टेक्निशियनला आधी विचारा: मी हललो होतो, की अवयव नीट टेकला नव्हता? श्वास रोखून धरणं जमत नसेल किंवा दुखण्यामुळे हात सरळ होत नसेल, तर तेही एक्सपोजरच्या आधीच सांगा.