घरच्या घरी टेकडी कापा

नवी मुंबईच्या विमानतळाची पायाभरणी फेब्रुवारी 2018 मध्ये झाली, उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये, आणि प्रवासी विमानं सुरू झाली ती त्याच वर्षीच्या नाताळला. मधल्या काळात उलव्याची टेकडी सुरुंग लावून कापली, उलवे नदी वळवली, गावं उठवली. एवढी उस्तवार दुसऱ्यांनी केल्यावर आम्हा फ्लाइट सिम्युलेटरवाल्यांना, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवणाऱ्यांना, काय उरलं? कोणा भल्या माणसाने बनवलेली फ्रीवेअर सिनरी, म्हणजे विमानतळाची फुकट डिजिटल प्रतिकृती, उतरवायची, फोल्डरमध्ये टाकायची आणि कोपरखैरण्याच्या वन बीएचकेतून थेट टेकऑफ. फुकट ते पौष्टिक!

फक्त टेकडी अजून तिथेच असते.

सिममधली जमीन उंचीच्या आकड्यांवर उभी असते. फुकट मिळणाऱ्या आकड्यांतला मोठा वाटा एंडेव्हर या अंतराळयानाने फेब्रुवारी 2000 मध्ये 11 दिवसांत रडारने मोजलेला आहे. तेव्हा उलव्याला टेकडी होती, यानाने ती इमानदारीत नोंदवली. सिडकोने पुढे काय केलं हे त्या आकड्यांना कोण कळवणार? त्यावर कोणी 3700 मीटरचा रनवे, टॅक्सीवे आणि एप्रन (विमानं उभी करायची जागा) काढला की त्यातलं काहीतरी चढणीला लागतंच. मग एअरबसला पुशबॅकची, म्हणजे मागे ढकलणाऱ्या ट्रॅक्टरची, गरज उरत नाही. पार्किंग ब्रेक सोडला की ती आपली आपण निघते.

यावर उपाय आहे. एक्स-प्लेन हे सिम वापरणाऱ्यांनी वर्ल्ड एडिटर हे फुकट साधन घ्यावं, विमानतळ निवडून ‘ऑलवेज फ्लॅटन’वर टिक मारावी आणि सिनरी पुन्हा एक्सपोर्ट करावी. जे काम सुरुंगांना जमायला वर्षं लागली ते एका टिकेत होतं. मात्र ही सपाटी विमानतळाच्या हद्दीपुरती असते, हद्द संपली की सरळ कडा. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये सपाटीच्या बहुभुजाला ‘फॉलऑफ’ नावाचं अंतर देता येतं. काहीशे मीटर दिलं तर जमीन सावकाश उतरत आजूबाजूला मिळते, शून्य ठेवलं तर विमानतळाला तटबंदी होते. फुकटातल्या सिनरीत हे अंतर शून्य का सापडतं, याबद्दल माझं एक मत आहे: ते काम रात्री दोनला केलेलं असतं.

नदीचं दुखणं याहून चिवट. एक्स-प्लेनमध्ये पाणी मूळ मेशमध्येच, म्हणजे जमिनीच्या जाळीतच, शिवलेलं असतं आणि विमानतळाची सिनरी नुसती वरून पांघरलेली. वरून कितीही काँक्रीट ओता, जुनं पात्र खालून हटत नाही. त्यासाठी मेशच नवा करायला हवा. इथे ऑर्थोफोरएक्सपी नावाचं फुकट अवजार मदतीला येतं आणि नवी मुंबईकरांच्या पत्रिकेतला खरा दोष उघडा पडतो.

हे अवजार पृथ्वीचे एकेक अंशाचे चौकोन पाडतं आणि प्रत्येकाला त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचं नाव देतं. 19 अंश अक्षांश आणि 73 अंश रेखांश एकमेकांना छेदतात ते नेमके सीवूड्स आणि उलवे यांच्यामधल्या खाडीत. त्यामुळे ठाणे स्टेशन आणि मुंबईचा विमानतळ अधिक 19 अधिक 72 मध्ये, कल्याण अधिक 19 अधिक 73 मध्ये, उरण अधिक 18 अधिक 72 मध्ये, आणि नवा विमानतळ 19 च्या रेघेखाली जेमतेम घसरून अधिक 18 अधिक 73 मध्ये. नागपूरकराचं एका चौकोनात भागतं. आपल्याला खाडीवर एक चक्कर मारायची तरी चारही लागतात. वरून घेतलेली जमिनीची छायाचित्रं या चौकोनांवर चढतात, आणि ती किती बारीक हे झूमचा आकडा ठरवतो. झूम 16 ला जमिनीचा एक चौकोन दोन-चार गिगाबाइट खातो, आणि झूम एकाने वाढवला की पिक्सेल चौपट. समुद्र जास्त असलेल्या चौकोनांत थोडी बचत होते, तेवढाच अरबी समुद्राचा आपल्याला आधार.

चौकोन तयार झाले की एक्स-प्लेनची ‘सिनरी पॅक्स’ नावाची आयएनआय फाइल उघडायची. यात सगळा खेळ क्रमाचा. वरचा तो मोठा. विमानतळ सर्वांत वर, मग ग्लोबल एअरपोर्ट्स (सिमसोबत येणारे), मग लायब्ऱ्या (तयार वस्तूंचे साठे), त्यानंतर ओव्हरले (रस्ते, झाडं, घरं) आणि तळाला मेश. पण नवीन आलेलं पॅकेज सिम स्वतःहून सगळ्यांच्या डोक्यावर बसवतं. मेश तिथे बसला की खालचे सगळे विमानतळ झाकले जातात आणि जिथे टर्मिनल असायला हवं तिथे हिरवंगार माळरान दिसतं. म्हणून मेशच्या फोल्डरच्या नावाआधी तीन झेड लावायचे. ही अंधश्रद्धा नव्हे. फाइल उडवून सिमला नव्याने बनवू दिली की ती वर्णक्रमाने बनते, आणि झेड शेवटी येतो.

मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये हे क्रमाचं लचांड कमी, पण तिथे सिनरी टाकायचा कम्युनिटी फोल्डर सापडणं हीच परीक्षा. स्टोअरवरून घेतलेल्या सिमचा एकीकडे, स्टीमवरून घेतलेल्याचा दुसरीकडे, आणि दोन्ही ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरच्या पोटात. शोधाशोध नको असेल तर डेव्हलपर मोड चालू करून टूल्समधल्या व्हर्च्युअल फाइल सिस्टिममधून तो थेट उघडावा. त्यात सिनरीचा फोल्डर टाकला आणि काहीच दिसलं नाही, तर तो फोल्डर उघडून बघा. उघडताक्षणी ‘मॅनिफेस्ट’ आणि ‘लेआउट’ या दोन जेसन फाइली दिसायला हव्यात. त्याऐवजी त्याच नावाचा आणखी एक फोल्डर दिसला, तर झिप उघडताना घडी राहिलीय. आतला बाहेर काढा. इमारती आहेत पण रंग उडालाय, तर बहुधा पत्ताच लांबलाय. विंडोजला 260 अक्षरांपुढचा पाथ सहसा झेपत नाही, आणि स्टोअरच्या फोल्डरचं मूळ नावच लग्नपत्रिकेवरच्या निमंत्रकांच्या यादीइतकं लांब. पॅकेजेस डी ड्राइव्हवर आखूड नावाच्या फोल्डरमध्ये हलवा.

एवढं करून एक्स-प्लेन सुरू केलं की संदेश येतो: सिनरी नीट दिसणार नाही, लॉग बघा. लॉगमध्ये कळतं की टर्मिनल एका लायब्ररीतलं, बसगाड्या दुसऱ्या, झाडं तिसऱ्या, आणि ती तिसरी चौथीवर अवलंबून. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. हे सगळं रीडमीत लिहिलेलं असतं, म्हणूनच कोणाला माहीत नसतं.

आता विमानतळ दिसतो, पण फ्रेमरेट नऊ, म्हणजे सेकंदाला नऊच चित्रं. संशय टर्मिनलवर जातो, गुन्हेगार मात्र कचऱ्याचा डबा असतो. हौशी माणूस डब्यालाही 4096 बाय 4096 चं टेक्स्चर (वर चिकटवायचं चित्र) देतो. कॉम्प्रेस न केलेलं असं एक टेक्स्चर 64 मेगाबाइट, व्यवस्थित कॉम्प्रेस केलं तर 16, मिपमॅप (त्याच चित्राच्या लहान प्रती) धरून एकवीस-बावीस. असे वेगवेगळे शंभर डबे-बाकडी मांडली की आठ जीबीच्या ग्राफिक्स कार्डातले दोन जीबी कचऱ्यात. गुन्हेगार हुडकताना एकेक पॅकेज काढत बसू नये. अर्धी काढा, सुरू करा, ज्या अर्ध्यात खोट असेल त्याचे पुन्हा अर्धे. चाळीस पॅकेजेस असली तरी सहा फेऱ्यांत काम होतं. या टप्प्यावर घरून हमखास विचारणा होते, “अरे, उडालं का एकदाचं?” यावर “आई, अजून डबे उचलतोय” हे उत्तर खरं असलं तरी देऊ नये.

शेजारी मुंबईचा विमानतळही हवा असेल तर सिनरी कोणत्या सालची ते आधी बघा. 2014 च्या आधीची असेल तर आजचं टर्मिनल दोन तिच्यात नसणार, उलट किंगफिशर आणि जेटची विमानं दिमाखात उभी सापडतील. आणि जुनी न काढता नवी टाकलीत, तर दोन टर्मिनलं एकमेकांत घुसून लुकलुकत राहतात.

असो. सगळं बसलं. टेकडी गेली, नदी वळली, डबे उचलले. कॉकपिटमध्ये बसून बोइंगच्या कॉम्प्युटरमध्ये व्हीएएनएम हा नव्या विमानतळाचा कोड टाइप केला की तो लिहितो: नॉट इन डेटाबेस. कारण जमीन आणि इमारती सिनरीतून येतात, पण विमानाला ठाऊक असलेले विमानतळ नेव्हिगेशनच्या माहितीतून, आणि तो साठा दर 28 दिवसांनी बदलतो. सिमसोबत आलेला जुना असेल तर नवा विकत घ्या, नाहीतर हवामान ‘क्लिअर स्काइज’वर ठेवून पाम बीच रोड डावीकडे की उजवीकडे हे बघत डोळ्यांनी उतरा. जुलैतलं खरं हवामान लावायचाच हट्ट असेल तर सरळ पुण्याला डायव्हर्ट करा. पुण्याची फुकट सिनरी? तिला आणखी दोन लायब्ऱ्या लागतील.