फी माफ झाली म्हणून भागत नाही

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे तिथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजची, फी वाढवली तरी गरीब मुलांचं काही अडत नाही, त्यांना माफी असतेच, हे एका लेखात वाचलेलं वाक्य अजिबात पटलं नाही. माफी आहे, पण ती फक्त फीची. पुस्तकं, बसभाडं, घरभाडं कोण देणार?

मी इथे संध्याकाळचा अकाउंटिंगचा क्लास केला तेव्हा शेजारी बसणारी मुलगी गोदामातली शिफ्ट संपवून त्याच बुटांत यायची आणि लायब्ररीतल्या पुस्तकाची पानं मोबाईलवर फोटो काढून वाचायची. आणि ज्यांचं उत्पन्न माफीच्या मर्यादेच्या जरासं वर आहे त्यांचं काय हो? फी युनिटवर, म्हणजे विषयाच्या तासांच्या मापावर, ठरते; २००९ च्या सुरुवातीला युनिटला २० डॉलर होते, २०१२ पर्यंत ४६ झाले, म्हणजे एका सत्रात १२ युनिट घेतले तर ५५२ डॉलर, अशा घरात तेवढ्यात महिन्याचा किराणा येतो.