डाव्या बाजूचा ब्रेक

आमच्या गाडीतल्या एका रबरी मॅटला भोक पडलंय. ड्रायव्हरच्या नाही, शेजारच्या. गाडी सर्व्हिसिंगला टाकली की तिथला पोरगा दर वेळी विचारतो, "काका, इकडे कोण बसतं?" मी म्हणतो, "बायको." तो लग्न झालेला असेल तर पुढे काही विचारत नाही.

गेली २९ वर्षं मी गाडी चालवतोय आणि त्यातली २७ वर्षं ही शेजारी बसून ब्रेक मारतेय. पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागायचा अवकाश, हिचा उजवा पाय मॅटवर खाडकन आपटलाच. सोबत "अहो!" आहेच. या 'अहो'चेही प्रकार आहेत. आखूड 'अहो' म्हणजे रिक्षा, लांबवलेला 'अहोऽऽ' म्हणजे टँकर, आणि नुसताच 'स्स' आला की समजायचं, म्हैस.

माझं ड्रायव्हिंग उत्तम आहे याबद्दल मला शंका नव्हती. सोसायटीच्या पार्किंगमधला तो खांब माझ्या मते मुळात चुकीच्या जागी बांधलेला आहे.

पुढचं सगळं घडलं ते कन्येमुळे. ती श्टुटगार्टला असते. तिथे लायसन्स काढायचं तर नेहमीच्या धड्यांखेरीज १२ तास सक्तीचे: पाच गावाबाहेरच्या रस्त्यावर, चार आउटोबानवर (म्हणजे तिथल्या एक्स्प्रेसवेवर), तीन अंधारात. तास ४५ मिनिटांचा, पण जर्मन ४५ मिनिटांचा, म्हणजे पूर्ण. पोरीने रडतखडत ते पार पाडलं आणि दिवाळीला घरी आल्यावर माझ्या गाडीत मागे बसून ताम्हिणी घाट उतरली. खाली पोचल्यावर काहीच बोलली नाही. मला वाटलं, इंप्रेस झाली. महिन्याभराने माझ्या पंचावन्नाव्या वाढदिवसाची भेट आली: एक दिवसाचं ॲडव्हान्स्ड ड्रायव्हर ट्रेनिंग, चाकणच्या पलीकडे, दोघांच्या नावाने.

"मला कशाला?" ही म्हणाली. हिचं लायसन्स १९९९ चं. नूतनीकरण वेळच्या वेळी, फोटो दर वेळी नवा, पण प्रत्यक्ष गाडी चालवल्याचे प्रसंग मोजून सहा-सात. कारण ही चालवायला बसली की शेजारी मी असतो.

सकाळी आठला पोचलो. मोठं डांबरी मैदान, त्यावर नारिंगी कोन, एका कोपऱ्यात पाण्याचा टँकर. आम्ही आठजण. कंपनीच्या बस चालवणारे चार ड्रायव्हर, नवी एसयूव्ही घेतलेले दोन आयटीवाले, आणि आम्ही. ट्रेनर आमच्या पोरीच्या वयाचा, उन्हाने रापलेला, गळ्यात शिट्टी. "काका, काकू, या," म्हणाला. मग मला गाडीत बसवलं आणि पाऊण तास गाडी सुरूच करू दिली नाही.

आधी बसायला शिका म्हणे. पाठ सीटला पूर्ण टेकलेली हवी. हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. माझी तर बोटंही पोचत नव्हती. मी आरामखुर्चीत बसल्यासारखा बसतो हे मला त्या दिवशी कळलं. ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. आणि हात? मी अभिमानाने 'दहा वाजून दहा'वर ठेवले. तेवढंच शिकलेलं आठवत होतं.

"काका, तो जमाना गेला. आता पावणेतीन." दोन्ही हात अगदी आडव्या रेषेत. वर हात ठेवले आणि एअरबॅग उघडली तर आपलेच हात आपल्या तोंडावर येतात. २९ वर्षांत घड्याळ एवढं पुढे गेल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी दहा-दहावरही नसतो. माझा एक हात बारा वाजता आणि दुसरा गिअरवर, झोपलेल्या मांजरावर ठेवावा तसा.

आता माझं शिक्षण काय झालं तेही सांगतो. १९९६ साल, ड्रायव्हिंग स्कूलची मारुती ८००, शेजारी सर आणि सरांच्या पायाखाली वेगळा ब्रेक. पंधरा दिवसांत मी हाफ क्लच आणि हॉर्न शिकलो. परीक्षेत गाडी वीस फूट पुढे नेली, वीस फूट मागे आणली, आणि मी भारतातल्या कुठल्याही रस्त्यावर सुटायला लायक ठरलो. उरलेलं ज्ञान वडिलांचं. त्यांची फियाट होती, गिअर स्टिअरिंगला, ब्रेक ड्रमचे. "ब्रेक एकदम दाबायचा नाही. दाब-सोड, दाब-सोड. पंप करायचा," असं ते सांगत. दुसरं सूत्र त्याहून महत्त्वाचं: "जोरात ब्रेक मारणं म्हणजे पेट्रोल जाळून कमावलेला वेग फुकट घालवणं." आमच्या घरात टूथपेस्टची ट्यूब शेवटी कात्रीने कापत. तिथे ब्रेक लायनर कसे वापरले जात असतील ते ओळखा.

पहिला खरा धडा नेमका ब्रेकचा निघाला. सरळ जायचं, पन्नासचा वेग घ्यायचा, दोन कोनांच्या मधून गेलं की ब्रेक आणि क्लच दोन्ही एकदम, पूर्ण दाबायचे. कोरड्या डांबरावर पन्नासवरून गाडी १२-१३ मीटरमध्ये उभी राहायला हवी. तिथे पांढरी रेघ मारलेली.

मी निघालो. पन्नास. कोन आले. दाबला. गाडी छान, सुखद, कुणाच्याही मांडीवरचा चिवडा सांडणार नाही अशी थांबली.

ट्रेनर टेप घेऊन चालत गेला. बराच वेळ चालला.

"एकोणतीस मीटर. काका, पुढे शाळकरी पोरगं असतं तर?"

पुन्हा निघालो. या वेळी जीव खाऊन दाबायचं ठरवलं. दाबला, आणि पायाखाली कुणीतरी अडकित्त्याने सुपारी कातरायला बसल्यासारखी कर्रर्र सुरू झाली. काहीतरी तुटलं! मी लगेच पाय उचलला. हिशेबही सुरू झाला: गाडी यांची, भरपाई माझ्याकडून, किती होईल?

"सोडला का?"

"आवाज आला."

"ते एबीएस, काका. तुम्ही जे पंपिंग म्हणता ना, ते आता गाडीच करते, सेकंदाला दहा-पंधरा वेळा. तुम्ही नुसतं दाबून धरायचं."

२०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला हे एबीएस सक्तीचं आहे. आमच्या गाडीलाही आहे. सहा वर्षं ते बिचारं बॉनेटखाली वाट बघत बसलं होतं आणि मी एकदाही त्याच्यापर्यंत पोचलो नव्हतो. चाकं जाम होऊ द्यायची नाहीत, म्हणजे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते, हा त्याचा मुख्य उपयोग. मला आतापर्यंत तो डॅशबोर्डवरचा एक पिवळा दिवा एवढंच ठाऊक होतं.

तिसऱ्या खेपेला २२ मीटर, चौथ्या खेपेला १९. पाय दाबायला तयार, पण आत कुठेतरी वडील "अरे अरे, टायर!" म्हणत होते. कंपनीचे ड्रायव्हर सावलीत बसून बघत होते. त्यांतला एक मिशीवाला समजुतीने म्हणाला, "होतं साहेब, मालकाची गाडी असली की दाबवत नाही."

मग ट्रेनर म्हणाला, "काकू, या तुम्ही."

ही पर्स माझ्याकडे देऊन गेली. पदर खोचला, सीट पुढे घेतली, मनगट बरोबर कडेवर. गाडी एकदा बंद पडली, दुसऱ्यांदा गचके खात निघाली. मी हळहळलो. गाडी चाळीस, पंचेचाळीस, पन्नास करत कोनांशी आली आणि...

खाडकन.

नाक खाली, शेपूट वर, टायरचा एक आखूड चीत्कार, आणि गाडी रेघेच्या अलीकडे खिळा ठोकल्यासारखी उभी. बारा मीटर. मिशीवाल्याने टाळ्या वाजवल्या.

"काकू, एवढा परफेक्ट ब्रेक पहिल्या खेपेला कुणी मारत नाही. कुठे शिकलात?"

ही काच खाली करून माझ्याकडे बघत म्हणाली, "रोजची प्रॅक्टिस आहे."

जेवणाआधी अर्धा तास वर्गात बसवलं. तिथे दोन गोष्टी कळल्या त्या अजून डोक्यातून जात नाहीत. एक, गाडीचं प्रत्येक चाक रस्त्याला टेकतं ते जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. हजारएक किलोची गाडी, आत आपण चौघं, डिकीत हापूसच्या पेट्या, आणि हे सगळं चार तळहातांच्या भरवशावर. दुसरी, वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. चाळीसला आठ मीटर लागत असतील तर ऐंशीला ३२. आणि हे पाय ब्रेकवर पोचल्यानंतरचं. एक्स्प्रेसवेवर शंभरने जाताना नुसतं "अरेच्चा" म्हणेपर्यंत, म्हणजे एका सेकंदात, गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून पुढच्या गाडीपासून किमान तीन सेकंदांचं अंतर ठेवा म्हणतात. मी हात वर करून विचारलं, "तेवढी जागा सोडली तर त्यात एक टेम्पो आणि दोन स्विफ्ट येतात, त्याचं काय?" ट्रेनर म्हणाला, "येऊ द्या. पुन्हा सोडा." अशाने मी लोणावळ्याहून निघून हळूहळू मागे सरकत मुंबईला जाईन, हे मी त्याला सांगितलं नाही. पोर चांगला होता.

दुपारचा खेळ म्हणजे अचानक समोर आलेलं टाळणं. समोर कोनांची भिंत. ब्रेक दाबून धरायचा, आणि तो तसाच असताना डावीकडून निसटायचं. मी भिंतीकडे टक लावून गेलो आणि थेट भिंतीत घुसलो. पुन्हा गेलो, पुन्हा घुसलो. १२ कोनांपैकी आठ आडवे. एक गाडीखाली अडकून माझ्यासोबत परतही आला.

"कुठे बघत होता?"

"कोनाकडे. त्यालाच चुकवायचं होतं ना!"

"म्हणूनच धडकलात. जिकडे डोळे, तिकडे हात, हातामागे गाडी. मोकळ्या जागेकडे बघा."

हे ऐकून मी थबकलोच. सोसायटीतल्या त्या खांबाकडे मी रोज गाडी लावताना एकटक बघत असतो.

पुढच्या खेपेला भिंत दिसूनही न बघितल्यासारखं केलं. नातेवाईकांच्या लग्नात एखाद्या विशिष्ट काकांना टाळताना करतो, अगदी तसं. डोळे सरळ डावीकडच्या रिकाम्या डांबरावर. गाडी भिंतीला वळसा घालून निघून गेली. मी इतका हरखलो की पुढे थांबायचं विसरलो, आणि टँकरपाशी पोचल्यावर या वेळी मात्र ब्रेक पूर्ण दाबला गेला. कर्रर्र. सुंदर आवाज आहे.

ओल्या डांबरावरचं घसरणं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं माझं काही नाही. वळणावर पुढची चाकं सुटली, मी स्टिअरिंग आणखी पिळलं, गाडी आणखी सरळ गेली. पिळायचं नसतं, उलट थोडं सैल करायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि चाकांना पकड परत मिळू द्यायची. आयटीवाल्यांपैकी एकजण पहिल्या फेरीत भोवऱ्यासारखा फिरून उलट्या दिशेने तोंड करून उभा राहिला आणि शांतपणे इंडिकेटर दिला.

संध्याकाळी प्रमाणपत्रं मिळाली. माझ्यावर 'सहभागी'. हिच्यावर 'उत्कृष्ट ब्रेकिंग', खाली ट्रेनरने पेनने हसरा चेहरा काढलेला.

पार्किंगमध्ये आलो. मी सवयीने उजवीकडे वळलो तर ही तिथे आधीच उभी, हात पुढे करून. मी मुकाट्याने किल्ली दिली.

चाकण चौकात सहाची गर्दी. ट्रक, ट्रेलर, कंपनीच्या बस, उलट दिशेने येणारे मोटरसायकलवाले. हिचे हात पावणेतीनवर, नजर लांब, पुढे तीन सेकंदांची जागा. त्या जागेत एक टेम्पो घुसला. हिने पुन्हा जागा सोडली. मी काही बोलायचं नाही असं ठरवून खिडकीबाहेर बघत होतो. तेवढ्यात पुढच्या ट्रेलरचे लाल दिवे लागले.

"अगं!"

माझा उजवा पाय खाडकन खाली गेला होता. टाच मॅटच्या भोकात अगदी मापाने बसली.

"स्स," ही म्हणाली.

म्हैस खरंच होती.