‘अलारम्स अँड एक्स्कर्शन्स’च्या अंकाविषयी आपल्या तक्रारीस उत्तर

नमस्कार,

आमच्याकडून घेतलेल्या ‘अलारम्स अँड एक्स्कर्शन्स’ या भूमिका-खेळांच्या (रोल-प्लेइंग गेम्सच्या) चाहत्यांच्या पत्राच्या 1976 सालच्या अंकाला आपण एकच तारा दिला आहे. अक्षरे पुसट आहेत, दर चार-सहा पानांनी टंक बदलतो आणि पृष्ठक्रमांक पुन्हा 1 पासून सुरू होतात. म्हणजे निरनिराळ्या अंकांची सुटी पाने टाचून आम्ही ती एक अंक म्हणून विकली, असा आपला समज झाला आहे. शिवाय अंकाचा कोपरा दुमडलेला आला.

कोपऱ्याची चूक सर्वस्वी आमची आहे. इतका जुना कागद पुठ्ठ्याचा आधार न देता टपालात टाकायलाच नको होता, त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

अंक मात्र अस्सल आणि पूर्ण आहे. ली गोल्ड यांनी जून 1975 मध्ये लॉस एंजेलिसहून सुरू केलेले आणि पुढे जवळपास 50 वर्षे चालवलेले हे पत्र नेहमीच्या अर्थाने मासिक नव्हतेच. प्रत्येक सभासद आपला मजकूर स्वतः टंकून स्टेन्सिल किंवा छापलेल्या प्रती पाठवी आणि ते सारे एकत्र टाचून सर्वांना धाडले जाई. म्हणून प्रत्येकाचा टाइपरायटर वेगळा, शीर्षक वेगळे, पृष्ठक्रमांकही ज्याचे त्याचे. सायक्लोस्टाइल केलेल्या प्रश्नपत्रिका ज्यांनी सोडवल्या आहेत, त्यांना ती पुसट अक्षरे ओळखीची वाटतील: मेणकागदावर टाइपाचा ठोका हलका पडला की शाई नीट झिरपत नाही, आणि जोरात पडला की ‘ओ’च्या पोटातला कागदच तुटून तिथे काळा ठिपका उमटतो. आपल्या अंकातही असे ठिपके दिसतील.

‘नियम एकमेकांशी जुळत नाहीत, अर्धा मजकूर कुणाला तरी दिलेली उत्तरे आहेत,’ असेही आपण लिहिले आहे. माझ्या मते या पत्राचा जीव तिथेच आहे. 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका-खेळ तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात निघाला, तेव्हा त्यात कितीतरी गोष्टी मोघम राहिल्या होत्या. लढाई कशी चालवायची, मंत्र किती वेळा वापरता येतात, हे प्रत्येक गट आपापल्या परीने ठरवी, आणि मागच्या अंकातल्या लेखकाला नावाने उत्तर देत तो वाद इथे महिनोन्‌महिने चाले. खुद्द या खेळाच्या प्रकाशकांच्या ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या पत्राचा 1975 मधला पहिला अंकही जेमतेम सहा पानांचा होता, पण मेंदू खाणारा ‘माइंड फ्लेअर’ हा आज खेळाडूंना सर्वपरिचित राक्षस प्रथम त्याच अंकात आला. त्याच वर्षी लंडनहून निघालेल्या ‘आउल अँड वीझल’ या छोट्या पत्राचा अंक खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांच्यापर्यंत पोहोचला, त्यातून ते पत्र काढणारे इयन लिव्हिंग्स्टन आणि स्टीव्ह जॅक्सन यांनी खेळाच्या 6 प्रती मागवल्या आणि युरोपातील वितरणाचे हक्कही मिळवले. अशा कागदांना मी किंमत लावतो ती छपाईकडे पाहून नव्हे.

हे सारे विक्रीच्या वर्णनात असायला हवे होते. तिथे मी फक्त मुखपृष्ठाचे छायाचित्र दिले होते, त्यामुळे आपण गुळगुळीत मासिकाची अपेक्षा केली असेल तर दोष आपला नाही. आता आतल्या चार पानांची छायाचित्रे आणि छपाईची माहिती तिथे जोडली आहे.

अंक परत करायचा असल्यास पूर्ण रक्कम आणि टपालखर्च आम्ही देऊ. ठेवायचा असल्यास दुमडलेल्या कोपऱ्यापोटी किमतीचा चौथा हिस्सा परत करू. दोन्हीपैकी काहीही ठरवले तरी कृपया गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नयेत, कारण त्यांच्याभोवतीचा कागद आता फार ठिसूळ झाला आहे.